घोट्याची जुनी विरूपता आणि शल्यचिकित्सेची आखणी

फैजपूर, सावदा व रावेर या पट्ट्यातील केळीबागांत राबणाऱ्या मनुष्याच्या पायाला तीन गोष्टी अवश्य साधाव्या लागतात: ओल्या, उंचसखल सरीतून तोल सांभाळून चालणे, केळीचा घड खांद्यावर घेऊन बांध चढणे आणि उकिडवे बसून काम करणे. मोडलेला घोटा वेळीच नीट बसला नाही आणि हाड वाकडे जुळले, तर या तिन्ही क्रिया हळूहळू दुरावतात. असा रुग्ण कित्येकदा अपघातानंतर आठ-दहा वर्षांनी शल्यचिकित्सकासमोर येतो. तोवर वाकडेपणा केवळ हाडाचा राहिलेला नसतो. सर्व पायाने त्याच्याशी तडजोड केलेली असते. आखणीतील खरी अडचण येथेच आहे.

प्रथम वाकडेपणा नेमका कोठे आहे हे ठरवावे लागते. त्यासाठी रुग्णास दोन्ही पायांवर उभे करून क्ष-किरणचित्रे घ्यावीत. निजवून घेतलेले चित्र या कामी फसवे ठरते. टिबियाच्या खालच्या सांध्यपृष्ठाचा हाडाच्या अक्षाशी होणारा कोन समोरून सुमारे ८९ अंश व बाजूने सुमारे ८० अंश असतो. निरोगी पायाशी ताडून पाहिले म्हणजे दोष उमगतो. वरच्या व खालच्या भागांच्या अक्षरेषा जेथे छेदतात, तो विरूपतेचा मध्यबिंदू होय. अस्थिच्छेद त्या बिंदूपासून दूर घेऊन केवळ कोन सुधारला, तर पाऊल एका बाजूस सरकून राहते. तेव्हा हाडाचा खालचा तुकडा हेतुपुरस्सर सरकवावा लागतो. बहिर्घोट्याचे हाड आखूड जुळले असल्यास त्याची लांबीही पूर्ववत करावी लागते. टॅलस अवघा १ मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांध्यातील संपर्कक्षेत्र सुमारे ४२ टक्क्यांनी घटते, असे रॅम्झी व हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये शवांवरील प्रयोगांतून दाखविले होते.

आता तडजोडीचा विचार. समजा, टिबिया १५ अंशांनी आतल्या बाजूस वाकडी जुळली आहे. तळवा जमिनीवर सपाट टेकावा म्हणून टॅलसखालचा सांधा टाच बाहेर वळवतो. परंतु या सांध्याची बाहेर वळण्याची मर्यादा आत वळण्याच्या मानाने थोडी असते; म्हणून आतला वाकडेपणा बाहेरच्या वाकडेपणाइतका सोसला जात नाही. वर्षानुवर्षे त्याच स्थितीत राहिलेला सांधा ताठरतो. अशा वेळी क्ष-किरणचित्र पाहून टिबिया सरळ केली, तर चित्र निर्दोष दिसेल; रुग्ण मात्र पावलाच्या आतल्या कडेवर उभा राहील. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी टाच हाताने तेवढेच अंश आत वळते की नाही, हे पाहणे कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचे आहे. वळत नसेल, तर टाचेच्या हाडाचा छेद किंवा खालच्या सांध्याची दुरुस्ती त्याच आराखड्यात धरावी लागते.

सांध्याची कूर्चा बरीचशी शाबूत असल्यास घोट्याच्या वरचा अस्थिच्छेद करून सांधा राखता येतो. ती सर्वत्र झिजली असल्यास सांधा कायमचा जुळवणे हा कष्टकऱ्यास टिकाऊ उपाय होय. तेव्हा पाऊल नडगीशी काटकोनात, टाच किंचित बाहेर व पाऊल ५ ते १० अंश बाहेर वळलेले ठेवतात. वेदना जाते, चालणे सुधारते. उकिडवे बसणे मात्र बहुधा गमवावे लागते. हे रुग्णास आधीच सांगितले पाहिजे. कृत्रिम सांधा जड काम व मोठी विरूपता यांस सहसा मानवत नाही.

दुरुस्ती एकदम करावी की क्रमाने, हा पुढचा प्रश्न. आतल्या बाजूची आखडलेली, व्रणयुक्त त्वचा व टाचेच्या आतून जाणारी नस एकाएकी ताणली गेल्यास त्वचा मरते, तळवा बधिर होतो. पाऊल खाली झुकून आखडलेले असेल, तर हा धोका अधिकच. अशांसाठी कुर्गान येथील गाव्रिईल इलिझारोव्ह यांची तारा व कड्यांची चौकट उपयोगी पडते. हाड लांबवायचे झाल्यास ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत लांबवितात. महाराष्ट्रात मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी ‘जेस’ ही सुटसुटीत बाह्य चौकट सिद्ध केली, आणि भुसावळहून पूर्वेस जाणाऱ्या लोहमार्गावरील अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव्ह पद्धतीचे केंद्र चालविले.

चौकट काही महिने पायावर राहते. तारांच्या छिद्रांत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून चिखल व ओल टाळावी लागते. केळीस मात्र बारमाही पाणी लागते. त्या बागेत कामाचा असा रिकामा हंगाम नसतोच. तेव्हा त्या काळात घरचे काम कोण पाहणार, तारांची स्वच्छता रोज कोण करणार आणि तपासणीस किती वेळा येता येईल, हे प्रश्न अंशांच्या मापांबरोबरच, शस्त्रक्रियेचा दिवस ठरविण्यापूर्वी, टिपणवहीत लिहून घ्यावे लागतात.