अननस-लिली : एका कांद्याचें वर्ष

ज्या फुलझाडाविषयीं आज बोलावयाचें आहे, त्याचें नांव ऐकणाराची दोन वेळां फसवणूक करतें. इंग्रज बागवान त्याला पाइनॲपल लिली म्हणतात. आपणही सोयीसाठीं अननस-लिली म्हणूं. परंतु तें अननस नव्हे, आणि खरी लिलीही नव्हे. जमिनींतल्या कांद्यांतून रुंद, पट्ट्यासारख्या पानांचा झुबका वर येतो. त्याच्या मधोमध एक जाड दांडा उभा राहतो. दांड्याभोंवतीं चांदणीच्या आकाराचीं लहान लहान फुलें दाटीनें बसतात. आणि फुलें संपलीं कीं अगदीं माथ्यावर हिरव्या पानांची एक शेंडी असते. ही शेंडी पाहून अननसाची आठवण व्हावी हें साहजिक आहे. पण साम्य तेथेंच संपतें. या झाडाला खाण्याजोगें फळ येत नाहीं, आणि त्याचा कच्चा कांदा तर विषारी मानला जातो. ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें ही गोष्ट आधींच सांगून ठेवावी.

या वनस्पतीचें शास्त्रीय नांव युकोमिस. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यानें तें १७८९ सालीं दिलें. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'सुंदर केसांची' असा आहे. म्हणजे आपल्या भाषेंत ही 'सुकेशी' झाली. हिच्या सुमारें दहा-बारा जाति आहेत. आजचे शास्त्रज्ञ तिला शतावरीच्या विस्तृत कुळांत घालतात, आणि त्या कुळाच्या ज्या शाखेंत ती बसते, त्याच शाखेंत आपल्याकडील रानकांदा आणि कोंकण-सह्याद्रींतली दीपकाडी हींही बसतात. तेव्हां ही पाहुणी आपणांस अगदींच परकी नाहीं.

तिचें माहेर दक्षिण आफ्रिकेंत आहे. ड्राकेन्सबर्ग पर्वताचे गवताळ उतार, लेसोथोचा डोंगराळ मुलूख, ओढ्याकांठच्या ओलसर जागा, हीं तिचीं घरें. कांहीं जाति उत्तरेकडे झिंबाब्वे व मलावीपर्यंत आढळतात. त्या मुलखाच्या पूर्वभागांत पाऊस उन्हाळ्यांत, म्हणजे साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पडतो; हिंवाळा कोरडा जातो, आणि उंचावर थंडीही कडक पडते. पाऊस आला कीं कांदा जागा होतो, पानें पसरतो, फुलतो, बीं धरतो. आणि कोरड पडली कीं वरचा सारा पसारा टाकून जमिनींत निजून राहतो. हें कांद्याचें वर्ष नीट ध्यानांत धरलें, तर लागवडीचे बहुतेक नियम वेगळे पाठ करावे लागत नाहींत. ते त्यांतूनच निघतात.

उत्तर गोलार्धांतल्या बागांत, उदाहरणार्थ इंग्लंडांत, हे कांदे वसंतांत, मार्च-एप्रिलच्या सुमारास लावतात आणि जुलै-ऑगस्टमध्यें ते फुलतात. जमिनींत लावावयाचे तर कांद्यावर चार-सहा इंच माती यावी, म्हणजे थंडीचा कडाका आंत पोंचत नाहीं. दोन कांद्यांमध्यें आठ-दहा इंचांचें अंतर ठेवावें. कुंडींत मात्र इतकें खोल जाण्याचें कारण नाहीं. कांद्याचें टोक मातीच्या किंचित् खालीं असलें म्हणजे पुरे. आठ इंची कुंडींत एक कांदा, बारा इंची कुंडींत तीन, हें प्रमाण बरें. मातींत कुजलेलें खत असावें, पण तिच्यांत वाळू किंवा बारीक खडी मिसळून पाणी झटकन् निघून जाईल अशी व्यवस्था करावी. कुंडीच्या बुडाचें छिद्र मोकळें आहे कीं नाहीं, हें माती भरण्यापूर्वींच पाहावें. ऊन भरपूर हवें. सावलींत पानें लांबट होतात आणि दांडा कलंडतो.

पानें वाढत असतां पाण्याची कसर करूं नये. तो तिच्या पावसाळ्याचा काळ आहे. पण फुलोरा संपून पानें पिवळीं पडूं लागलीं कीं हात आंवरावा. बहुतेक कांदे मरतात ते येथें, आणि मरतात ते दुर्लक्षानें नव्हे, तर मायेनें. झाड मलूल झालें असें समजून घरचीं माणसें अधिकच पाणी घालतात. निजलेला कांदा तें पाणी पिऊं शकत नाहीं, आणि थंड, ओल्या मातींत तो कुजतो. थंडीहून ही ओलच त्याची मोठी वैरीण आहे. पानें पूर्ण वाळूं द्यावीं, मग काढून टाकावीं, आणि कुंडी कोरड्या, गारठ्यापासून सुरक्षित जागीं ठेवून द्यावी. नवा कोंब दिसेपर्यंत तिच्याकडे न पाहणें हीच तिची सेवा होय. आपल्याकडे पाऊस उष्ण ऋतूंतच येतो, तेव्हां वर्षाचा क्रम परका नाहीं. परंतु आपल्या मुसळधार सरींत कुंडींत पाणी सांचून राहणार नाहीं याची काळजी मात्र घ्यावी लागेल.

या नियमाला एक अपवाद आहे. युकोमिस रेजिया ही जात आफ्रिकेच्या पश्चिमेकडील, हिंवाळी पावसाच्या मुलखांतली. ती हिंवाळ्यांत वाढते आणि उन्हाळ्यांत निजते. म्हणून कांदा विकत घेतांना जात कोणती हें विचारून घ्यावें. जातीप्रमाणें उंचीही बदलते: वान्डरमर्वेई जेमतेम अर्धा-पाऊण फूट, बायकलर एक ते दोन फूट, कोमोसा दोन-तीन फूट, आणि पाणथळींतली पॅलिडिफ्लोरा तर पुरुषभर उंच होऊं शकते.

जात विचारण्याचें दुसरेंही कारण आहे, आणि तें नाकाशीं संबंधित आहे. बायकलरचीं फिकट हिरवीं, जांभळ्या कांठांचीं फुलें दिसावयास मोहक. पण त्यांना कुजक्या मांसासारखा दर्प येतो. मांसावर बसणाऱ्या माशांना बोलावून त्यांच्याकरवीं परागीकरण साधण्याची ही युक्ति आहे. उलट कोमोसा आणि ऑटम्नॅलिस यांचा वास गोड असून त्यांच्याकडे कोळी पकडणाऱ्या गांधीलमाशा येतात. क्वाझुलु-नाताळ विद्यापीठांतील शटलवर्थ आणि जॉन्सन या संशोधकांनीं २०१० सालीं असें दाखवून दिलें कीं, गंधकयुक्त दोन द्रव्यें या गोड वासाच्या फुलांजवळ ठेवलीं तर त्यांच्याकडेही माशा येऊं लागतात. केवळ एका दुर्गंधाच्या असण्या-नसण्यानें फुलाचे पाहुणे बदलावे, हें निसर्गाचें मोठें नवल आहे. बागवानानें त्यांतून एवढेंच घ्यावें, कीं बायकलरची कुंडी दिवाणखान्याच्या खिडकीशीं ठेवूं नये.

आतां वाढीविषयीं. मोठ्या कांद्याच्या बाजूला पिल्लें धरतात. विश्रांतीच्या काळांत तीं अलग करतां येतात. काळ्या, चकचकीत बियांपासूनही रोपें होतात. मात्र फुलें पाहावयास तीन ते पांच वर्षें धीर धरावा लागतो. तिसरी रीत मोठी चमत्कारिक आहे. निरोगी पान घेऊन त्याचे दोन-दोन इंचांचे तुकडे करावे, आणि प्रत्येकाची खालची कड ओलसर वाळूंत रोवावी. दोन-तीन महिन्यांत त्या कडेशीं चिमुकले कांदे धरतात. वरची व खालची कड यांची अदलाबदल तेवढी होऊं देऊं नये.

ही पानाची रीत केवळ हौसेची नाहीं. ऑटम्नॅलिस जातीला झुलू लोक उमाथुंगा म्हणतात. पाठदुखी, ताप, मोडलेलें हाड अशा तक्रारींवर तिच्या कांद्याचा काढा देण्याची त्यांची जुनी परंपरा आहे, आणि सूज कमी करणारीं द्रव्यें तिच्यांत असल्याचें आधुनिक प्रयोगांतही आढळलें आहे. परंतु औषधासाठीं लागतो तो कांदाच. पान तोडलें तर झाड पुन्हां फुटतें. कांदा खणला कीं झाडच संपतें. डरबनसारख्या शहरांतल्या वनौषधींच्या बाजारांत रानांतून खणून आणलेल्या कांद्यांचे ढीग येतात, आणि जो कांदा फुलावर यावयास कित्येक वर्षें लागतात तो घटकाभरांत उपटला जातो. ज्यांची औषधावर श्रद्धा आहे आणि ज्यांची त्यावर उपजीविका चालते, त्यांना नुसती बंदी सांगून भागत नाहीं. म्हणून तेथील संशोधकांनीं वाफ्यांत व प्रयोगशाळेंत हे कांदे मोठ्या संख्येनें वाढविण्याच्या रीती शोधल्या, आणि कांद्याऐवजीं पानांतून औषध मिळेल काय याचाही तपास केला.

आपल्यासारख्या हौशी माणसाच्या हातीं यांतलें थोडेंच आहे, पण जें आहे तें सोपें आहे. कांदा घ्यावयाचा तर रोपवाटिकेंत वाढविलेलाच घ्यावा. त्याच्या पानापासून व बियांपासून आणखी दोन-चार करावे, आणि शेजाऱ्यांना द्यावे. आपल्या सह्याद्रीवरच्या कांद्यांनाही हाच न्याय लागू आहे. पावसाळी सहलींत एखादा सुंदर फुलोरा दिसला, तर तो डोळे भरून पाहावा. मुळाशीं खुरपें लावूं नये. फूल दर वर्षीं परत येतें तें जमिनींत निजलेल्या कांद्याच्या बळावर, आणि तेवढी त्याची नीज आपण मोडूं नये.