संगणकातील उष्णता व पंख्यांची योजना

ग्रामीण शाळांतून आता संगणकाचा उपयोग होऊ लागला आहे. तथापि उन्हाळ्याच्या दिवसांत पाठ चालू असतानाच संगणक मंद होतो, अथवा एकाएकी बंद पडतो, अशी अडचण येते. यंत्र बिघडले असे समजून ते झाकून ठेवले जाते. आणि जेथे शाळेत एकच संगणक आहे तेथे मुलांचे शिक्षण तेवढे दिवस खुंटते. वास्तविक अशा वेळी दोष यंत्राचा नसून आत कोंडलेल्या हवेचा असण्याचा पुष्कळ संभव असतो. तो शिक्षकांना स्वतः ओळखता यावा व दूर करता यावा, म्हणून ही माहिती दिली आहे.

उष्णता कोठून येते ?

संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतर पावते. गणनेचे मुख्य काम प्रोसेसर हा भाग करतो. १९९३ साली निघालेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरची उष्णता सुमारे १५ वॅट होती. आज टेबलावरच्या साध्या संगणकात ६५ वॅटचा प्रोसेसर सर्रास आढळतो. तारेच्या ६० वॅटच्या जळत्या दिव्याला हात लावणे अशक्य होत असे, हे पुष्कळांस आठवत असेल. जवळपास तितकीच उष्णता येथे अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात निर्माण होते.

ही उष्णता प्रथम धातूच्या एका ठोकळ्यात जाते. त्याला ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांमुळे हवेचा स्पर्श अधिक पृष्ठभागास होतो. या पट्ट्यांवरून पंखा हवा खेळवतो. प्रोसेसरचे तपमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले, की तो आपली गती आपणच कमी करतो. तरीही न भागल्यास यंत्र बंद होते. असे बंद होणे हे यंत्राचे स्वसंरक्षण होय.

पंखा काय करतो ?

पंखा गारवा उत्पन्न करीत नाही. पंख्याखाली आपणांस गार वाटते, ते मुख्यतः अंगावरचा घाम वाऱ्याने सुकतो म्हणून. संगणकाला घाम येत नाही. त्याच्या पंख्याचे काम इतकेच, की तापलेली हवा दूर न्यावी व तिच्या जागी खोलीतील हवा आणावी. यास्तव खोलीचे तपमान ४२ अंश असता, कितीही पंखे लावले तरी पेटीतील भाग त्याहून थंड होणार नाहीत.

यातील हिशेब साधा आहे. १०० वॅट उष्णता वाहून नेताना हवेचे तपमान १० अंशांहून अधिक वाढू द्यावयाचे नसेल, तर दर सेकंदास सुमारे ८ लिटर हवा पेटीतून जावी लागते. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखाही हे काम करू शकतो; मात्र हवेची वाट मोकळी हवी.

हवेची वाट

स्वयंपाकघरात खिडकीतून हवा आत येते व धुराड्यातून धूर वर निघून जातो. संगणकाच्या पेटीतही तशीच योजना असावी. पुढील पंख्याने हवा आत घ्यावी. मागील अथवा वरील पंख्याने ती बाहेर सोडावी. दोन्ही पंखे समोरासमोर आत फुंकू लागले, तर उष्ण हवा आतच घुटमळते. पंख्याच्या चौकटीवर पुष्कळदा दिशेचा बाण असतो. तो नसल्यास, ज्या बाजूस मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने सामान्यतः हवा बाहेर पडते.

धुळीच्या गावी आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवावी व आत घेणाऱ्या पंख्यापुढे जाळी बसवावी. म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही. बसविण्यास जागा असेल, तर लहान व वेगवान पंख्यापेक्षा मोठा व संथ पंखा बरा. तो तितकीच हवा कमी आवाजात हलवतो, आणि वर्गात आवाजाचे महत्त्व शिक्षकांस सांगावयास नको.

संगणक भिंतीला टेकवून किंवा बंद कपाटात ठेवू नये. मागे निदान एक वीत जागा सोडावी. चालू संगणकावर कापड घालू नये. पेटीचे झाकण कायमचे काढून ठेवणेही योग्य नव्हे, कारण त्यामुळे हवेची ठरलेली वाट मोडते व धूळ सरळ आत पडते.

निगा

धूळ पट्ट्यांमध्ये साचली, की ती गोधडीसारखी उष्णता धरून ठेवते. म्हणून धुळीच्या मानाने एक-दोन महिन्यांनी साफसफाई करावी. प्रथम संगणक बंद करून वीजजोडणी काढावी. आतील भागांस हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. पंख्याचे पाते बोटाने धरून कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. ओले फडके वापरू नये. वीजपुरवठ्याची डबी मात्र कधीही उघडू नये. जोडणी काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

वर्गातील प्रयोग

पातळ कागदाची एक पट्टी घेऊन ती चालू संगणकाच्या पुढील जाळीजवळ बाहेरून धरावी. ती आत ओढली जाईल. मागे धरल्यास ती बाहेर फडफडेल. तसे न घडल्यास पंखा बंद आहे, उलटा बसला आहे किंवा वाट तुंबली आहे, असे समजावे. मुलांकडूनच हा प्रयोग करवून घेतल्यास हवेचे वहन व उष्णतेचे वहन हे दोन्ही पाठ साधतात. पट्टी जाळीच्या आत जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.

नवीन पंख्यावर खर्च करण्यापूर्वी शिक्षकबंधुभगिनींनी संगणकाची जागा पाहावी, धूळ काढावी व पंख्यांची दिशा तपासावी. एवढे करूनही यंत्र तापत राहिल्यास पंखा वाढविण्याचा किंवा जाणकारास दाखविण्याचा विचार करावा.