दख्खनी तलवारीचे बिनछिद्री शेपूट

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा ही निजामशाहीची मूळ भूमी. जामखेड तालुक्यातील खर्ड्याची लढाईही येथलीच (१७९५). साहजिकच येथील जुन्या घराण्यांतून खंडेनवमीला पुजल्या जाणाऱ्या तलवारी आजही आढळतात. अशा तलवारीची मूठ निखळली म्हणजे पात्याचे मुठीत शिरणारे शेपूट उघडे पडते. आणि त्यात खिळीसाठी छिद्र नाही, एवढ्यावरून पाते अपुरे अथवा नकली ठरविण्याचा मोह होतो. जपानी तलवारींवरील ग्रंथ वाचलेल्या अभ्यासकास तर तो विशेष होतो.

जपानी तलवारीची मूठ लाकडी असून ती बांबूच्या खिळीने शेपटास जखडलेली असते. खीळ काढली की मूठ सुटते आणि शेपटावर कोरलेले कारागिराचे नाव वाचता येते. तेथे छिद्र नसलेले पाते क्वचित आढळते; ते कधी मूठ बसविण्यापूर्वीच राहून गेलेले असते, तर कधी देवस्थानास अर्पण करण्यासाठीच घडविलेले असते. पाते आखूड केल्यास नवे छिद्र पाडावे लागते, म्हणून एकाच शेपटात दोन-तीन छिद्रेही दिसतात. अर्थात तेथे छिद्र हा पात्याच्या आयुष्याचा दाखलाच होय.

आपल्याकडील रचना मुळातच निराळी. तलवारीची मूठ लोखंडी व पोकळ असते. तीत वितळलेली लाख किंवा राळ भरून आखूड शेपूट आत दाबतात. मिश्रण निवाले की पकड बसते. परजेपासून पात्यावर उतरणाऱ्या दोन नख्या पात्यास दोन्ही अंगांनी आधार देतात. मग छिद्राचे प्रयोजनच उरत नाही. उलट ऐन ताणाच्या जागी शेपूट कमकुवत मात्र होईल. शिवाय लाख शंभर अंशांच्या आतच मऊ होते. एवढ्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरत नाही. त्यामुळे पात्यास धक्का न लावता मूठ पालटता येते, आणि म्हणूनच पात्याच्या वयावरून मुठीचे वय ठरविणे धोक्याचे असते.

फिरंगेचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. तिचे पाते युरोपीय. तिकडे लांब शेपूट मुठीच्या टोकाबाहेर काढून ठोकून बसवीत, म्हणजे आडव्या खिळीची गरज तेथेही नव्हती. दख्खनी खंड्याच्या मुठीत ते बसविताना पात्याच्या मुळाशी लोखंडी पट्ट्या रिव्हेटांनी जडवीत. तेथील छिद्रे त्या पट्ट्यांची होत, मुठीच्या खिळीची नव्हेत. हा भेद नोंदीत सहसा केला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

याउलट साध्या तलवारीच्या शेपटात छिद्र आढळले, तर त्याचाच खुलासा शोधावयास हवा. लाख जुनी होऊन ठिसूळ झाल्यावर सैल मूठ खिळ्याने पक्की केलेली असणे शक्य आहे.

तथापि केवळ शेपूट पाहण्यासाठी मूठ काढू नये. उघड्या ज्वाळेवर तापमान शंभर अंशांवर थांबत नाही; पात्याच्या मुळाचे पाणी जाते आणि जुनी लाखही जळते. शेपटाची लांबी व छिद्रे क्ष-किरणचित्रात दिसू शकतात. मूठ आपोआप निखळली असेल, तर आतील लाखेचे तुकडे खरवडून न टाकता वेगळ्या पुडीत, तलवारीच्याच क्रमांकाने जतन करावेत.