चांगलं चित्र हरलं ते दुकानात

२००६ ते २०१४ या काळात दिवाळीचा बोनस हातात पडला की निगडी प्राधिकरणापासून भोसरीपर्यंत एक प्रश्न हमखास निघायचा: प्लाझ्मा घ्यायचा की एलसीडी? कंपनीच्या बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यावर वाद व्हायचे. मित्रांच्या खरेदीसाठी मीही पिंपरी कॅम्पातल्या आणि चिंचवडच्या दुकानांतून पुष्कळ फिरलो. सिनेमा आणि गेम या दोन्हींसाठी त्या वर्षांत प्लाझ्माचं चित्र सरस होतं, असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे. तरीही बहुतेक घरांत एलसीडीच गेला. असं का झालं, हे आपल्या पट्ट्यातल्या राहणीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ मध्ये. पिंपरी-चिंचवडची महापालिकाही त्याच वर्षी झाली. पुढची वीस-बावीस वर्षं घरात काचेच्या नळीचा, पाठीमागे पोट असलेला टीव्ही होता आणि निवड असायची ती फक्त कंपनीची. ही नळी इतक्या लवकर जाईल असं मोठमोठ्यांनाही वाटलं नव्हतं. औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला, आणि त्यानंतर काही वर्षांतच जगभर सपाट पडद्याने नळीला बाजारातून घालवलं. महाराष्ट्रातल्या या सर्वांत मोठ्या टीव्ही कंपनीचं प्रकरण २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. त्याला इतरही कारणं होती, पण पडद्याच्या बाबतीतला हा अंदाज महागात पडला, हे नक्की.

प्लाझ्माचा शोध जुना. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६४ मध्ये डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो संगणकाच्या पडद्यासाठी लावला. ४२ इंची रंगीत प्लाझ्मा टीव्ही बाजारात यायला १९९७ उजाडलं. दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे, प्रत्येकात निऑन-झेनॉन वायू. त्यातून वीज वाहिली की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या आतला फॉस्फरचा थर उजळतो. थोडक्यात, प्रत्येक ठिपका म्हणजे एक चिमुकली ट्यूबलाइट. जिथे अंधार दाखवायचा तिथला ठिपका जवळजवळ विझवता येतो. एलसीडीत मात्र मागे दिवे सतत जळत असतात आणि द्रव स्फटिकांचा थर तो प्रकाश अडवतो. अडवणं कधीच पूर्ण होत नाही, म्हणून त्या काळच्या एलसीडीवर रात्रीचं आकाश राखाडी दिसायचं आणि बाजूला बसलेल्याला तर आणखी फिकट.

हे सगळं घरात, दिवे मालवल्यावर दिसतं. दुकानात दिवे मालवत नाहीत. छतावर ट्यूबलाइटच्या रांगा, समोरून रस्त्याचं ऊन, आणि भिंतीवर ओळीने लावलेले संच. त्या उजेडात प्लाझ्माच्या काचेत गिऱ्हाइकाचा चेहरा दिसायचा आणि शेजारचा एलसीडी झगझगीत उठून दिसायचा. त्यावर लावलेलं चित्रीकरणही फुलांचं, समुद्राचं, पोपटांचं असे. अंधाऱ्या वाड्याचा प्रसंग कुणी लावत नसे. विक्रेत्याकडे आकडेही होते. अनेक ४२ इंची प्लाझ्मांचा पडदा १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा, तर एलसीडीचा १३६६ बाय ७६८ किंवा पूर्ण १९२० बाय १०८०. कागदावर एलसीडी जिंकत होता. दहा फुटांवरून पाहताना ठिपक्यांच्या या फरकापेक्षा काळ्या रंगाचा फरक डोळ्यांना कितीतरी जास्त जाणवतो, पण ते कागदावर लिहिलेलं नसायचं. कारखान्यात दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजमाप करणारी आपली माणसं. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणं हा त्यांच्या कामाचाच भाग, आणि या एका खरेदीत तोच आकडा दिशाभूल करत होता.

दुसरा मुद्दा विजेचा, आणि त्याबाबतीत आपल्या भागाचा इतिहास सांगण्यासारखा आहे. २००५-०६ मध्ये राज्यात भारनियमनाने लोक हैराण होते. तेव्हा पुण्यातल्या उद्योगांनी सीआयआय या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने एक वाट काढली. कारखान्यांनी आपले डिझेल जनरेटर चालवून मागणीच्या वेळची तूट भरून काढायची आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलात थोडा थोडा वाटून घ्यायचा. वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने २००६ च्या जूनमध्ये हा प्रयोग सुरू झाला आणि पुणे व पिंपरी-चिंचवड भारनियमनमुक्त झालं. देशभर तो ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखला गेला. कारखान्यातल्या जनरेटरवर घरातला पंखा चालण्याचा तो काळ. महापालिकेची हद्द ओलांडून चाकणकडच्या गावांत गेलं की मात्र भारनियमन सुरूच होतं.

अशा वेळी माणूस टीव्हीच्या मागचा वॉटचा आकडा बघणारच. ४२ इंची प्लाझ्मा दोनशे ते तीनशे वॉट सहज ओढायचा, आणि क्रिकेटचं उजळ मैदान लागलं की जास्त. अंधारा सिनेमा असेल तर तोच संच कमी वीज खायचा, ही बारीक गोष्ट फारशी कुणी सांगत नसे. एलसीडीचं मागणं त्याहून कमी आणि एकसारखं. घरगुती इन्व्हर्टरवर प्लाझ्मा लावला तर बॅटरी बघता बघता उतरायची. चाकण-खेडकडच्या माणसाने एलसीडी घेतला तो विचार करूनच घेतला, त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही.

जागेचा प्रश्न तर सगळ्यांचाच होता. प्लाझ्मा पॅनेल लहान आकारात करणं कंपन्यांना परवडत नव्हतं. ३२ इंची प्लाझ्मा क्वचित दिसायचा, खरी सुरुवात ४२ पासून. इकडे चाकणला १९९९ मध्ये बजाजचा दुचाकींचा कारखाना आलेला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, लगेच पुढे महिंद्रा. मोशी, चिखली, भोसरीत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुण कामगारांची संख्या वाढत होती. दहा बाय बाराच्या खोलीत, पलंग आणि टीव्हीत सहा फुटांचं अंतर असताना ३२ इंची एलसीडी बरोबर बसायचा. तो हप्त्यावरही मिळायचा. दुचाकीसाठी कर्ज देण्याकरता १९८७ मध्ये स्थापन झालेली बजाज ऑटो फायनान्स तोवर टीव्ही-फ्रिजच्या हप्त्यांत उतरली होती. २०१० मध्ये तिचं नाव बजाज फायनान्स झालं. तिचं नोंदणीकृत कार्यालय आकुर्डीलाच. चाकणला दुचाकी बनवणाऱ्याने आकुर्डीच्या कंपनीच्या बिनव्याजी हप्त्यावर टीव्ही घेणं ही इथली नेहमीची गोष्ट. हप्ता ठरला की आकार ठरायचा, आणि आकार ठरला की प्लाझ्मा आपोआप बाद.

आता गेम. माझ्या मते खरा अन्याय इथे झाला. एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला, प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये, ३९,९९० रुपयांना. पण आपल्याकडच्या पोरांच्या हातात पुढेही बरीच वर्षं प्लेस्टेशन २ च होता, आणि त्यावर २००६ च्या अखेरीस आलेला ईएचा ‘क्रिकेट ०७’. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीतून येणारं ते कमी ठिपक्यांचं चित्र एलसीडीवर ताणलं की कडा खरखरीत व्हायच्या आणि चेंडूमागे शेपूट दिसायचं. त्या वेळच्या एलसीडीचे स्फटिक सावकाश वळत, शिवाय एक चौकट पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवली जायची, म्हणून हलती वस्तू डोळ्यांना पुसट वाटायची. प्लाझ्माचा ठिपका क्षणात पेटून विझायचा, त्यामुळे चेंडूची शिवण आणि गाडीच्या शर्यतीतलं वळण स्पष्ट राहायचं. एलसीडीवाल्यांनी उपाय म्हणून मधल्या चौकटी कृत्रिमरीत्या बनवून घालायला सुरुवात केली. त्याने सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागला आणि गेममध्ये बटण दाबल्यापासून फलंदाजाने बॅट फिरवेपर्यंतचा वेळ वाढला. चांगला खेळणारा पोरगा अचानक बोल्ड व्हायला लागला तर दोष बहुधा टीव्हीच्या त्या सेटिंगचा असायचा. ‘गेम मोड’ नावाची सोय त्यासाठीच होती, ती सुरू करून देणारं दुकान मला तरी भेटलं नाही.

प्लाझ्माचा दोषही खरा होता. एकच चित्र तासन् तास एका जागी राहिलं की त्याची सावली पडद्यावर उरायची. धावफलक, वाहिनीचं बोधचिन्ह, गेममधली जीव दाखवणारी पट्टी. सुट्टीत दिवसभर एकच गेम खेळणाऱ्या घरात ही भीती रास्त होती. २००८ नंतरच्या संचांत चित्र हळूच सरकवण्याची युक्ती आल्याने धोका पुष्कळ कमी झाला, पण ‘प्लाझ्मा जळतो’ हे वाक्य तोवर घरोघरी पोचलेलं होतं.

सिनेमासाठी तर तुलना फार एकतर्फी होती. केबलवाल्याच्या ॲनालॉग तारेतून येणारं मुंग्यांचं चित्रही प्लाझ्मा सांभाळून घ्यायचा. एलसीडी प्रत्येक मुंगी मोठी करून दाखवायचा. पुण्यासह ३८ शहरांत केबल डिजिटल करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. म्हणजे प्लाझ्मा-एलसीडीचा सगळा वाद ज्या काळात झाला त्या काळात बहुतेक घरांत येणारं चित्र वाईटच होतं, आणि वाईट चित्र चांगलं दाखवण्याचा गुण कुणी मोजलाच नाही.

२००९ मध्ये सॅमसंगने मागच्या दिव्यांच्या जागी एलईडी घालून ‘एलईडी टीव्ही’ या नावाने पातळ संच आणले. आतला पडदा एलसीडीचाच, काळा रंग तितकाच राखाडी, कधी कडेच्या दिव्यांमुळे कोपऱ्यात पांढरे डागही. पण वीज खूप कमी, वजन हलकं, भिंतीवर टांगायला सोपा. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमारास गिऱ्हाईक ‘एलईडी’च मागू लागलं. गंमत अशी की शेवटच्या वर्षांत ४२-४३ इंची प्लाझ्मा तेवढ्याच एलईडीपेक्षा स्वस्त झाला होता. ज्यांनी तेव्हा तो घेतला त्यांना कमी पैशांत उत्तम चित्र मिळालं. हिंजवडीतली काही मंडळी बँकॉकहून, दुबईहून येताना मोठे सपाट टीव्ही सामानातून आणायची. २६ ऑगस्ट २०१३ पासून त्यावर सीमाशुल्क लागलं आणि ती वाट बंद झाली. प्लाझ्माचा काळा रंग ज्याच्याइतका कुणी साधला नाही त्या पायोनियरने २००९ मध्येच टीव्हीतून अंग काढून घेतलं होतं. पॅनासॉनिकने ऑक्टोबर २०१३ मध्ये प्लाझ्मा थांबवण्याचं जाहीर केलं, आणि २०१४ सरेपर्यंत सॅमसंग व एलजीही थांबले.

या सगळ्या काळात आपल्या पट्ट्याने पडदा कधीच बनवला नाही, याची मला मनापासून खंत आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना २००४ मध्ये आला, पण टीव्हीचं पॅनेल बाहेरून यायचं आणि इथे जुळणी व्हायची. वेदांत-फॉक्सकॉनच्या ज्या प्रकल्पासाठी तळेगावची जागा पाहिली गेली होती, त्यात सेमीकंडक्टरबरोबर डिस्प्लेचा कारखानाही होता. सप्टेंबर २०२२ मध्ये करार गुजरातशी झाला, आणि २०२३ च्या जुलैमध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, सगळे भाग बनवण्याची हातोटी असलेल्या या भागात काचेवर ठिपके उमटवण्याचं काम आलं असतं तर इथल्या तंत्रज्ञांनी ते पेललं असतं, याबद्दल मला शंका नाही.

प्लाझ्मा गेला, पण त्याचं तत्त्व गेलं नाही. २०१३ पासून बाजारात असलेल्या मोठ्या ओएलईडी संचांत पुन्हा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो. ‘तुंबाड’ सिनेमातला कंदिलाच्या उजेडातला पाऊस त्यावर पाहिला की २००८ चा प्लाझ्मा काय दाखवत होता ते समजतं. स्थिर चित्राची सावली उरण्याचा दोषही त्याने वारशाने घेतलाय, हे गेम खेळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने मोठ्या पडद्याचा विचार पुन्हा घराघरांत चालू आहे.

म्हणून नवा संच घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. दुकानात जाताना आवडत्या सिनेमातला रात्रीचा प्रसंग पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि समोरचे दिवे दोन मिनिटं मालवायला सांगा. बाजूच्या खुर्चीतूनही पाहा. घरात पोरं खेळणारी असतील तर गेम मोड सुरू करून कंट्रोलर हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. घरात दिवसभर ऊन आणि बातम्यांची वाहिनी असेल तर चांगला एलसीडी घ्या, तो तिथे टिकेल. आणि जुना संच भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या एलसीडीच्या मागच्या नळ्यांत पारा असतो आणि ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू आहेत. तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रातच द्या.