रात्रभर उभ्याने वाजवायचं, तर वाद्य कसं हवं? 🥁🎸

आपल्या धाराशिवमधल्या बेंबळीकडे, तुळजाभवानीच्या मुलखात, लग्नानंतर गोंधळ घालतात. गाणं, नाचणं, वाजवणं, सगळं उभ्याने आणि रात्रभर! हे झेपतं त्यात वाद्यांच्या घडणीचाही वाटा आहे.

👉 संबळ: लहान-मोठ्या दोन वाद्यांची जोडी, कमरेपाशी बांधलेली. भार अंगावर, हात मोकळे. थाप तळहाताने नाही, दोन काठ्यांनी. म्हणून कमी कष्टात खणखणीत आवाज.

👉 तुणतुणं: पोकळ नळकांडं, तळाला चामडं, बाजूला काठी आणि एकच तार. वजनाला हलकं. तार नुसती छेडायची, बोटांनी दाबायची नाही.

👉 गिटार: गोंधळातली नाही, पण हीही उभ्याने वाजवतात. इथे मात्र तारा दाबाव्या लागतात. फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये तारेची लांबी २५.५ इंच, गिब्सन लेस पॉलमध्ये सुमारे २४.७५. जाडी आणि सूर तोच असेल, तर आखूड तारेला ताण कमी, बोटांना त्रास कमी. १९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या कडा तर अंगाला रुतू नयेत म्हणूनच उतरत्या केल्या.

गिटार घेताना नुसता आवाज ऐकू नका. पट्टा लावून, उभं राहून, निदान पंधरा मिनिटं वाजवून बघा. मनगट किंवा खांदा दुखला, तर दुसरी बघा!

#संबळ #तुणतुणं #गिटार #धाराशिव