घरदुरुस्तीतील काटकसर : आधी आरोग्य, मग आरास

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोट विकासासाठी सर्वत्र ओळखले जाते. मात्र त्याच्या परिवर्तनाचा आरंभ एका दुरुस्तीच्या कामाने झाला, याचा अनेकांना विसर पडतो. १९७५ साली लष्करी सेवेतून परतलेल्या अण्णा हजारे यांनी प्रथम संत यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला. सेवाकाळात साठलेली स्वतःची पुंजी त्यांनी या कामी लावली आणि ग्रामस्थांनी श्रमदान केले. पुढे गावातील अनेक कामांत श्रमदानाचीच रीत कायम राहिली. जे आपल्या हातांनी होते त्यासाठी पैसा मोजायचा नाही आणि जे हातांनी होत नाही त्यासाठीच तो राखून ठेवायचा, हे सूत्र कोणत्याही कुटुंबाच्या घरदुरुस्तीला लागू पडते.

दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांकडे पाहता एक गोष्ट वारंवार जाणवते. दिवाणखान्याला नवा रंग लागतो, पीओपीचे छत होते. न्हाणीघरातील फरशी मात्र गुळगुळीतच राहते. तिच्यावर घसरून आजीच्या खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेचा खर्च साऱ्या सजावटीहून अधिक होतो आणि तिचे पूर्वीचे चालणे-फिरणे अनेकदा परत येत नाही. म्हणून काटकसरीचा पहिला नियम म्हणजे कामांचा क्रम ठरवणे.

पैसा कोठे वाचतो?

ओल आलेल्या भिंतीवर रंग देणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. आधी गळका नळ, गच्चीची भेग किंवा तुंबलेली पन्हळ शोधून दुरुस्त करावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंगाचा विचार करावा. ओलीवर वाढणारी बुरशी दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढवते, हे वेगळे सांगावयास नको.

चुन्याची सफेदी स्वस्त असते व भिंतीतील ओलावा कोंडून ठेवत नाही. गच्चीवर पांढरा चुना दिल्यास ऊन परावर्तित होऊन खोली काहीशी थंड राहते. अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या कोरड्या, उष्ण प्रदेशात हा लाभ मोठा आहे. अशा हवामानात खोलीची उघडी जागा, म्हणजे खिडक्या व झरोके, क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश असावी, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. कपाटामागे बुजलेली जुनी खिडकी मोकळी करण्यास काहीच खर्च येत नाही. चुलीवर स्वयंपाक होत असेल, तर धूर बाहेर नेणाऱ्या धुराड्याला अग्रक्रम द्यावा.

शौचालय बांधावयाचे असल्यास, जमीन योग्य असेल तेथे दोन शोषखड्ड्यांचे शौचालय सेप्टिक टँकपेक्षा स्वस्त पडते. एक खड्डा भरला की दुसरा वापरात घ्यावा. बंद खड्ड्यातील मैल्याचे कालांतराने खत होते. खड्डे विहिरीपासून पुरेसे दूर मात्र असावेत. पात्र ग्रामीण कुटुंबांना स्वच्छ भारत अभियानातून १२,००० रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान मिळते. त्याची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. सेप्टिक टँक असल्यास त्याच्या वायुनळीच्या तोंडाला जाळी बांधावी. अत्यल्प खर्चात डासांची एक वाट बंद होते.

हात कोठे आखडता घेऊ नये?

विजेचे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला खटका पडणारा गळतीरोधक ब्रेकर यांवर केलेला खर्च जीव वाचवतो. न्हाणीघरात खरबरीत फरशी, शौचालयाजवळ भक्कम दांडी आणि रात्री मंद दिवा एवढी सोय वृद्धांसाठी हवीच. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण असावे. टाकीतून गळते पाणी बादल्यांत साठवून ठेवण्यापेक्षा ती दुरुस्त करणे चांगले. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो.

घरच्या श्रमदानातील खबरदारी

जुना रंग कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे अधिक असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरते. भिंत ओली करून घासावी, मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते स्वतः कापू वा भोके पाडू नयेत.

चुना भिजवताना तो उकळल्यासारखा तापतो व उडतो. म्हणून चष्मा व हातमोजे वापरावेत. चुना डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान २० मिनिटे धुवावा आणि तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे जावे. शिडीवर चढताना खाली दुसऱ्याने ती धरलेली असावी.

दुरुस्तीचे अंदाजपत्रक सर्व कुटुंबाने एकत्र बसून करावे. त्याच्या पहिल्या ओळीत घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीला काय हवे ते लिहावे. रंगाची छटा शेवटच्या ओळीत आली आणि तेथवर पैसा पुरला नाही, तरी घराचे काही बिघडत नाही.