फोटो जुना, माणसं नवी

"भाऊ, फोटो जुना दिसला पाह्यजे, आमी नाई." चिखलदऱ्याला प्री-वेडिंगसाठी निघालेल्या जोडप्यांची मागणी साधारण याच चालीवरची. कॅमेरा पापणीचा केस न् केस टिपणारा. आणि घरी आल्यावर संगणकावर तीच स्पष्टता उतरवायची, वर ग्रेन पेरायचा, काळ्याचा राखाडी करायचा, पिवळट झाक द्यायची. चाळीस वर्षांपूर्वी असा प्रिंट गिऱ्हाइकापुढे ठेवणाऱ्या स्टुडिओवाल्याला पैसे सोडाच, बोलणी खावी लागली असती.

कारण अमरावती-अकोल्याच्या डार्करूममध्ये सगळा लढा या दोषांशीच होता. कृष्णधवल फिल्म धुण्याचं प्रमाण तापमान २० अंश. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. अशा दिवसांत डेव्हलपर थंड करायला बर्फ लागे. द्रावण गरम राहिलं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडे. गरम द्रावणातून फिल्म एकदम गार पाण्यात गेली की त्या थरावर जाळी उठे. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून, काढलेला प्रिंट वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावा लागतो. पाण्याची ओढ असलेल्या उन्हाळ्यात इथेच काटकसर व्हायची. कागदात उरलेला हायपो मग वर्षानुवर्षं काम करत राहतो आणि आजोबांचा फोटो पिवळा पडतो. त्या पिवळेपणात काळाइतकाच नळाचाही हात आहे!

तपकिरी सेपियाची गोष्ट तर उलटीच. तो रंग वयानं चढत नसे, मुद्दाम चढवला जाई. प्रिंटमधल्या चांदीचं सल्फाइड केलं की चित्र जास्त टिकतं, हा त्यातला व्यावहारिक फायदा. आज जो रंग म्हातारपणाची खूण म्हणून ॲपमध्ये मिळतो, तो मुळात म्हातारपण लांबवण्याचा उपाय होता.

फिल्म तेव्हा उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' किंवा पूर्व जर्मनीची 'ऑर्वो'. सुरकुत्या निगेटिव्हवर पेन्सिलीनं बुजवायच्या, गालांवर ब्रशनं गुलाबी हात फिरवायचा. पुढे कलर लॅब जिल्ह्याच्या गावांत आल्या, घराघरांत कोडॅकचा केबी-१० कॅमेरा शिरला आणि बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं रंगीत झालं. हे रंग रासायनिक होते. जुन्या कागदांवर निळसर सायन रंग अंधारात, म्हणजे बंद अल्बममध्येसुद्धा, आधी विरे. म्हणून त्या काळच्या कितीतरी लग्नांतली मंडळी आज लालसर दिसतात.

मग हे जुनेपण फोनमध्ये आलं. २००९च्या डिसेंबरात हिपस्टामॅटिक हे ॲप आलं, ऑक्टोबर २०१०मध्ये इन्स्टाग्राम. त्यातल्या एका फिल्टरचं नावच '१९७७'. गुलाबीसर, विटका. पण १९७७ साली वऱ्हाडातल्या बहुतेक घरांचा फोटो कृष्णधवल होता. तो विटका गुलाबी रंग अमेरिकेतल्या अल्बमांचा. २०१७च्या कोरियन 'हुजी कॅम'चंही तेच. ते फोटोच्या कोपऱ्यात ९८ सालची तारीख उमटवतं, आपल्याकडचा साधा केबी-१० तारीख छापतच नसे. म्हणजे उसनं वय. याला हरकत घेण्याचं कारण नाही, फक्त त्याला 'आपल्या लहानपणीचा फोटो' म्हणू नये.

सप्टेंबर २०२५मध्ये, नवरात्राच्या तोंडावर, गाडी आणखी पुढे गेली. जेमिनीच्या 'नॅनो बनाना' या एआय साधनाला सेल्फी द्यायचा आणि उडत्या पदराची, नव्वदच्या दशकातल्या सिनेमासारखी ग्रेनदार छबी घ्यायची. व्हॉट्सॲपचे डीपी अशा साड्यांनी भरून गेले. फिल्टर निदान खऱ्या चेहऱ्यावर चढायचा. इथे साडी, उजेड, कधीकधी नाकसुद्धा नव्यानं घडतं. फोटो म्हणून याला पास करणं कठीण आहे.

हौस करायचीच तर कसबानं व्हावी. खऱ्या फिल्मचा ग्रेन सगळीकडे सारखा दिसत नाही, मधल्या छटांमध्ये तो जास्त जाणवतो. दिव्याभोवती तांबूस वलय येतं ते फिल्मच्या पाठीवरून परतलेल्या उजेडामुळे. सगळ्या चेहऱ्यावर एकसारखी वाळू टाकणारं ॲप यातलं काहीच जाणत नाही. आणि इफेक्ट नेहमी कॉपीवर द्यावा, मूळ फाइल तशीच ठेवावी. घरातल्या लालसर फोटोंच्या निगेटिव्ह स्टुडिओच्या जुन्या पाकिटात अजून असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जाऊ देऊ नका. आधी स्कॅन करून घ्या.